उजवीकडची नळी

मास्तरांच्या बायकोनं पोट कापून घेतलं याचं मास्तरांना तेवढं वाईट वाटलं नाही, जेवढं ते दुसऱ्या कुणाकडून तरी कापून घेतलं याचं वाटलं.

हे मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. घराच्या तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून त्यांचं दुकान होतं. एक लांब टेबल, दोन मशीनं, भिंतीभर आरसा, आणि त्या आरशासमोर उभं राहून स्वतःबद्दलचं मत बदलू पाहणाऱ्या बायका. या बायकांना मास्तरांचा मोठा आधार होता. कुठं झाकायचं, कुठं सैल सोडायचं, कुठली शिवण उभी नेली म्हणजे आडवं अंग नजरेत भरत नाही, हे त्यांना न सांगता कळायचं. त्या भागातल्या निम्म्या पोटांची अब्रू त्यांच्या हातात होती आणि त्यांनी ती कधी चारचौघांत काढली नव्हती.

घरातल्या पोटाबाबतही त्यांचं हेच धोरण होतं. तीन बाळंतपणांनंतर बायकोच्या बेंबीखाली कातडीची एक घडी उतरली ती पुन्हा वर गेली नाही. उन्हाळ्यात त्या घडीखाली पुरळ यायचं. खाली बसलं की ती मांडीवर येऊन बसायची, पाहुणीसारखी. मास्तरांनी यावर कधी एक अक्षर काढलं नाही. ते फक्त तिच्या कपड्यांना कमरेत कापड वाढवत गेले. माप कधी घेतलं नाही. घरच्या माणसाचं माप डोळ्यांत असतं. दर नवा कपडा अंगात घालताना बायकोला कळायचं की यंदा आपण किती वाढलो आहोत असं यांचं मत आहे.

मुलं मार्गी लागली आणि एका संध्याकाळी जेवताना तिनं जाहीर केलं की ती पोटाचं ऑपरेशन करून घेणार आहे. डॉक्टर ठरला होता, तारीख ठरली होती. परवानगी मागितलेली नव्हती, फक्त कळवलं होतं.

मास्तर ताटाकडे बघत म्हणाले, "मी शिवतो ते पुरत नाही का?"

"पुरतं," ती म्हणाली. "उरतंसुद्धा. त्या उरण्याचाच कंटाळा आलाय."

त्या दिवसापासून मास्तरांनी अबोला धरला. दुकानात नेहमीच्या बायका चौकशी करायच्या तेव्हा ते खडूनं कापडावर रेघ ओढत, मान वर न करता सांगायचे, "आमच्याकडून होण्यासारखं नव्हतं. बाहेर दिलंय." बायका हसायच्या. मास्तर हसत नसत.

दुसरा विरोध बायकोच्या थोरल्या बहिणीचा होता. तिला घरात सगळेच ताई म्हणत, मास्तरही. ताई दुसऱ्या गावाला राहायच्या आणि फोनवरून राज्य करायच्या. त्यांचं म्हणणं असं, की दुखणं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण या वयात पोट सपाट करून ही निघालीय कुठं? नुसत्या हौसेसाठी अंगाला सुरी लावली तर अंग ते विसरत नाही, कुठं ना कुठं वसूल करतंच, असं त्या म्हणाल्या. धाकटीनं हसून फोन ठेवला. पण ते वाक्य तिच्या मनात राहिलं, चप्पलेत खडा राहतो तसं.

ऑपरेशन नीट झालं. ती घरी आली ती कमरेत वाकून, पोटाला रुंद ताणाचा पट्टा बांधून, आणि खाली दोन्ही बाजूंनी एकेक बारीक नळी घेऊन. प्रत्येक नळीच्या टोकाला लिंबाएवढा मऊ, पारदर्शक फुगा. तो दाबून चपटा करायचा आणि त्याचं बूच लावायचं, म्हणजे तो परत फुगायच्या धडपडीत कातडीखाली साचणारं पाणी ओढून घेतो. पहिल्यांदा ते पाणी लाल होतं, मग गुलाबी झालं, मग सरबतासारखं फिकट होऊ लागलं. रोजचं पाणी फुग्यावरच्या ठराविक रेघेच्या खाली उतरलं आणि तिथंच टिकलं, की नळी काढायची. जवळच राहणारी मुलगी कामावर जाता-येता फुगे रिकामे करून जायची आणि डॉक्टरांच्या सिस्टरना फोनवर आकडा सांगायची.

कापलं तेव्हा भूल होती. नळी काढताना भूल नसणार, हे कळल्यापासून बायकोला दुसरं काही सुचेना. भेटायला येणाऱ्या बायका धीर द्यायच्या आणि धीर देता देता आपल्या ओळखीच्यांचे हाल सांगायच्या. एकीच्या नणंदेची नळी बरगडीपर्यंत आत गेलेली निघाली. एकीच्या शेजारणीला काढताना चक्कर आली, ती सिस्टरच्याच अंगावर पडली. तिसरीला कुणाचं काही ठाऊक नव्हतं, पण तिनं डोळे मिटून एवढंच म्हटलं, की जाऊ दे, तुला कशाला आत्तापासून सांगू.

शेवटी बायकोनं स्वतः सिस्टरना फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, आधी एक टाका असतो तो कापायचा, तो बहुधा कळतही नाही. मग मोठा श्वास घ्यायचा, मी सांगितलं की सोडायचा, सोडता सोडता नळी बाहेर. पोटातून काहीतरी सरकतंय असं वाटेल, थोडं चुरचुरेल, फार तर काही सेकंद. मागं छोटं भोक राहतं, एखाद-दोन दिवस पाझरतं आणि आपलं आपण मिटतं. दुखण्यापेक्षा विचित्र वाटतं म्हणा.

बायकोनं फोन ठेवला आणि मुलीला विचारलं, "विचित्र म्हणजे किती?"

मुलगी फुगा दाबून त्याचं बूच लावत राहिली.

मास्तर हे सगळं खालून ऐकत होते. एका दुपारी त्यांनी गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवलं आणि मऊ सुती कापडाचा एक पट्टा शिवला, त्याला दोन्ही बाजूंना दोन कप्पे, फुगे ठेवायला. कप्प्यांना अस्तर लावलं, तोंडाला गोल वळण दिलं, आतली शिवण दुमडून घेतली, म्हणजे कातडीला घासायला नको. तो त्यांनी बायकोच्या उशापाशी ठेवला आणि खाली निघून गेले. ऑपरेशननंतर त्यांनी तिच्याशी केलेलं हे पहिलं बोलणं. तिनं तो बांधला. संध्याकाळी ते वर आले तेव्हा ती म्हणाली, "चांगला बसलाय." माप न घेता शिवलेला तिचा हा पहिलाच कपडा असावा जो उरला नाही. मास्तर खिडकीशी जाऊन उभे राहिले.

इथवर ठीक चाललं होतं.

एक दिवस दुपारी बायको अंथरुणात बसून सूप पीत असताना वाटी कलंडली. उजवीकडच्या नळीवरचा गॉज भिजला. मुलगी कामावर. फोन केला तर सिस्टर म्हणाल्या, ओला ठेवू नका, साबणानं हात धुऊन वरचा गॉज बदला, बाकी कशाला हात लावू नका. बायकोनं खाली हाक मारली.

मास्तर वर आले ते गळ्यात टेप, कपाळावर चष्मा आणि खिशात छोटी कात्री अशा नेहमीच्या थाटात. हात धुतले. पट्टा सैल केला. बायकोनं तोंड भिंतीकडे वळवलं. ऑपरेशननंतर मास्तरांनी ते पोट पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याआधीही बरीच वर्षं धड पाहिलं नव्हतं. पाहायचं नाही असंच दोघांचं न बोलता ठरलेलं होतं.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ते शिवण बघू लागले. कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक लांब रेघ गेली होती. कुठं चुणी नाही, कुठं ओढ नाही, टाका दिसत नाही. मास्तर ती बघतच राहिले. दुसऱ्याच्या कामाला मनातल्या मनात दाद देणं हे कारागिराला किती जड जातं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं असतं. पण बायकोचं तोंड भिंतीकडे होतं.

मग त्यांनी ओला गॉज उचलला. कातडीतून नळी बाहेर आली होती, तिच्याभोवती काळा दोरा गुंडाळून गाठ मारली होती, आणि त्या गाठीतून दोऱ्याची दोन लांब टोकं झुरळाच्या मिशांसारखी उभी होती. मास्तरांना ते खटकलं. एवढं सुबक काम करायचं आणि शेवटी दोरे तसेच लोंबते सोडायचे? त्यांच्या दुकानातून तीस वर्षांत लोंबत्या दोऱ्याचा एक कपडा बाहेर गेला नव्हता. बाकी कशाला हात लावू नका असं सिस्टर म्हणाल्या होत्या, पण मास्तरांच्या लेखी दोरा कातरणं हे काही करण्यात जमा नव्हतंच. ते न करणं म्हणजे काम अर्धवट टाकणं. त्यांनी खिशातली कात्री काढली. बेजबाबदार माणूस नव्हता तो. ती त्यांनी स्पिरिटनं पुसली. मग दोन्ही टोकं गाठीलगत, कच कच, उडवली.

"काय केलंत?" बायकोनं भिंतीला विचारलं.

"काही नाही. साफ केलं."

कोरडा गॉज ठेवला, चिकटपट्टी लावली, पट्टा घट्ट केला. त्या दिवशी दुकानात बऱ्याच दिवसांनी रेडिओ लागला. दुसऱ्याच्या कामावर का होईना, शेवटचा हात आपला फिरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी फुगे रिकामे करायला आली. डावा फुगा दाबला तसा चपटा राहिला. उजवा दाबला आणि सोडल्याबरोबर पोटभर हवा भरून घेऊन बसला. तिनं परत दाबला, परत तेच. मग तिनं गॉज उचलून बघितलं. नळी बोटभर बाहेर सरकली होती. तिच्या कडेची भोकं, जी आत असायला हवीत, ती उघड्यावर होती. काळा दोरा सुटून नुसताच पडला होता.

"आई, काय केलंस?"

बायकोचा चेहरा उतरला. पहाटे तिला थंडी वाजली होती. कुणाला उठवायला नको म्हणून तिनं कपाटाच्या वरच्या फळीवरची चादर स्वतःच ओढून काढली होती. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही हे तिला बजावून सांगितलेलं होतं.

"चादर काढली फक्त," ती म्हणाली.

मास्तर दारात उभे होते. त्यांना क्षणात कळलं. तो दोरा नायलॉनचा, गुळगुळीत. असल्या दोऱ्याची गाठ शेपूट राखल्याशिवाय बसत नाही, जवळून कापली की घटकाभरात उकलते. मणी लावायला येणाऱ्या बायकांना हे ते स्वतःच शिकवत आले होते. कापड म्हटलं की त्यांना सगळं आठवायचं, पण पोटाला त्यांनी कापड धरलं नव्हतं. हात मात्र कापड समजूनच चालला होता. सांगायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, आधी गाडी बोलवा." उघडलेल्या तोंडानं मास्तरांनी गाडी बोलावली.

दवाखान्यात सिस्टरनी बघितलं. या सिस्टर ऐसपैस बांध्याच्या आणि कोरड्या बोलण्याच्या होत्या. सरकलेली नळी परत आत ढकलली नाही याबद्दल त्यांनी घरच्यांचं कौतुक केलं. बरेच जण ढकलतात, म्हणाल्या, आणि मग ताप घेऊन येतात. डॉक्टर आले, वाकून बघून गेले. ही नळी आता निरुपयोगी, काढून टाकू. डावी राहू दे. उजवीकडे पाणी साचेल, साचलं तर सुईनं ओढू. आणि बाईंनी आता चादरी काढायच्या नाहीत, विनाकारण उठायचंही नाही.

मास्तर पडद्याबाहेर होते. आत श्वास ओढल्याचा आवाज आला, मग "आई गं", अगदी हळू. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच वेळ. बायको बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. आधीच ओढाताण होऊन जागा हुळहुळी झाली होती, म्हणून जास्त दुखलं, असं सिस्टर म्हणाल्या. पण ही बोटभर तरी बाहेर आलेली होती. डावी पुरती आत आहे, हे बायकोच्या लक्षात आलंच.

त्यानंतर घरात शांतता पसरली, आणि ती चांगली नव्हती. एरवी बायको कशावरही कुरकुर करायची: उशी, खिडकी, मास्तरांच्या मशीनची खडखड. आता तिनं कुरकुर सोडली. उजव्या बाजूला खरंच पाणी साचलं. कातडीखाली हात लावला तर भरलेल्या पिशवीसारखं हलायचं. दवाखान्यात नेऊन सुईनं ओढून घेतलं, परत साचलं, परत ओढलं. सुई टोचताना ती हूं की चूं करत नसे. जणू हे तिला द्यायचंच होतं. मुलगी येता-जाता रागवायची, एवढं सांगितलं होतं आई तुला. ती मान हलवायची.

मग तिनं मुलीला कपाटातून जुना गाउन काढायला सांगितला. मास्तरांनी शिवलेला, कमरेत चांगला दीड हात जास्तीचा. तो घालून ती पडून राहू लागली. मास्तरांना तो गाउन दिसला की ते जिना उतरून जायचे.

एके संध्याकाळी ते चहा घेऊन वर येत होते. खोलीत बायको फोनवर बोलत होती. ताईच होत्या, दुसरं कोण.

"तुझंच खरं झालं," ती म्हणत होती. "हौस नडली. गप घातलं असतं मोठ्या मापाचं, तर काय बिघडत होतं? हेही तेच सांगत होते. यांचंही बरोबर होतं."

मास्तर दाराबाहेर थांबले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्या पाठीमागं बायको आपल्याला बरोबर म्हणते आहे हे ऐकायचं भाग्य त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. ते त्यांनी नीट ऐकून घेतलं. बशीत कप वाजला, तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरला. वाद ते जिंकले होते. ऑपरेशन नको होतं हे आता ती कबूल करत होती, ताई कबूल करत होत्या, आजूबाजूचा कुणीही कबूल केलं असतं. यासाठी मास्तरांना काहीही करावं लागणार नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याचा त्यांना चांगला सराव होता.

चहावर साय आली. मास्तर तो कप घेऊन परत खाली गेले.

त्या रात्री, आणि पुढं दोन-तीनदा, त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. एकदा तर "अगं, ती चादर" इथपर्यंत पोहोचले. बायको म्हणाली, "नका ना आठवण करून देऊ," आणि तिनं डोळे मिटले. मास्तरांनी तेवढ्यावर सुटका मानली. पण सुटका होत नव्हती. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर फक्त दोऱ्याचं सांगावं लागलं असतं. आता दोऱ्याचं आणि न सांगितल्याचं असं दोन्ही सांगावं लागणार होतं, आणि दुसरं रोज वाढत होतं. गिऱ्हाइकाचा कपडा बिघडला की ते त्याच दिवशी सांगून टाकायचे, बाई, माझ्या हातून गेलं, नवं कापड मी आणतो. इथं नवं कापड आणता येणार नव्हतं.

डाव्या नळीचं पाणी उतरलं, दोन दिवस उतरलेलंच राहिलं, आणि सिस्टरचा निरोप आला की उद्या घेऊन या.

मुलीला सुट्टी मिळाली नाही. मास्तरच बरोबर गेले. पडद्यापाशी ते सवयीनं थांबले, तर बायको म्हणाली, "आत या. मला कुणीतरी हवंय." मग ते आत गेले आणि तिच्या डोक्याशी, गोल स्टुलावर बसले.

खोली लहान होती. कागद अंथरलेला उंच पलंग, वर पांढरा दिवा, चाकाच्या ट्रॉलीवर स्टीलचा ट्रे, त्यात कात्री, चिमटा, गॉज. बायको उताणी झाली. तिचे हात थंडगार होते. तिनं एक हात मास्तरांच्या गुडघ्यावर ठेवला, तो त्यांना कापडातून कळला. सिस्टरनी पट्टा सोडला, गॉज उचलला, थोडं पाणी लावून सुकलेली चिकटपट्टी भिजवली, आणि जे करत होत्या ते सांगत राहिल्या. माहीत असलं म्हणजे माणूस कमी दचकतं, असं त्यांचं मत होतं.

"आता हा टाका कापते," त्यांनी चिमट्यानं दोऱ्याची टोकं धरली. "ही शेपटं मुद्दाम लांब ठेवतात बघा. एक तर गाठ पक्की राहते, आणि काढताना धरायला काहीतरी लागतं. उजवीकडची कशी सुटली, मला अजून कळलेलं नाही."

"मी हात वर केला ना," बायको छताला म्हणाली.

"हातानं नळी ओढली जाईल. गाठ कशी उकलेल?"

"माझ्या हौसेनं उकलली म्हणा."

कात्री वाजली. बायकोला ते कळलं नाही. सिस्टरनी फुग्याचं बूच उघडून त्यात हवा येऊ दिली, म्हणजे काढताना आत ओढ राहत नाही, एका हातानं गॉज भोकाशी धरला, दुसऱ्या हातात नळी घेतली.

"मोठा श्वास घ्या. अजून. हां. धरून ठेवा."

बायकोनं श्वास धरला. डोळे घट्ट मिटले. मास्तरांच्या गुडघ्यावरची बोटं आवळली.

"शेपटं मी कापली," मास्तर म्हणाले.

बायकोनं डोळे उघडले आणि मान वळवली.

"उजवीकडची," मास्तर म्हणाले. "सूप सांडलं त्या दिवशी. लोंबत होती. मला वाटलं कापायची राहिलीत. तुझ्या चादरीनं काही झालेलं नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. श्वास अजून धरलेला होता.

"बाई, सोडा श्वास," सिस्टर म्हणाल्या. "केव्हाच झालंय."

ट्रेमध्ये नळी पडली होती. आतला भाग चपटा, कडेनं भोकं असलेला, वाटला होता त्यापेक्षा बराच लांब. सिस्टर भोकावर गॉज दाबून उभ्या होत्या.

"दुखलं का?"

"कळलंच नाही," बायको म्हणाली. ती मास्तरांकडेच बघत होती.

सिस्टरनी पट्टी लावली आणि पुढचं सांगितलं. आज-उद्या फिकट पाणी पाझरेल, घाबरायचं नाही. पण गॉज भिजून वाहायला लागला, नाहीतर ताप, लाली, वास, एका बाजूला फुगवटा असं काही दिसलं तर लगेच फोन. भोक मिटेपर्यंत टबात, पाण्यात बसायचं नाही. ताणाचा पट्टा डॉक्टर सांगतील तोवर बांधायचा. उजवीकडचं पाणी हळूहळू कमी होतंय, ते थांबेल. हे सगळं त्यांनी बायकोला सांगितलं. मग मास्तरांकडे वळून, आवाज न चढवता, म्हणाल्या, "डॉक्टरांना मी सांगणार आहे. आणि तुम्ही यापुढं गॉज बदलायचा नाही. मुलीला सांगा."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा हे पुष्कळ कमी होतं. पण खरं अजून पुढंच होतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

गाडी यायला वेळ होता. बाहेरच्या बाकावर दोघं बसली. समोर खुर्च्यांवर चार-पाच बायका आपापल्या पाळीची वाट बघत होत्या. बायको थोडी ताठ बसली होती. दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या होत्या, आणि तिनं डावीकडच्या पट्टीवर हलकेच तळहात ठेवला होता.

"किती दिवस मी त्या एका क्षणाला भ्यायले," ती म्हणाली. "झोपेतून उठून भ्यायले. आणि तो आला, तर तुम्ही मध्येच बोललात. माझ्या हातचा गेला तो."

"चुकलं माझं."

"कापलंत ते सोडा. हात तुमचा, सवय तुमची. लोंबता दोरा दिसला की तुम्ही पाहुण्याच्या बाहीचासुद्धा कापता, मला काय माहीत नाही?" ती थांबली. "पण मी ताईशी बोलत होते तेव्हा तुम्ही दारात होतात. कप वाजला होता."

मास्तर चष्मा काढून पुसू लागले.

"होतात ना?"

"होतो."

"बरं वाटलं असेल."

मास्तरांनी विचार केला. खोटं बोलायची ही शेवटची संधी होती आणि ती चांगली सोयीची होती.

"पहिल्यांदा वाटलं," ते म्हणाले.

समोरच्या बायकांपैकी एक पर्समध्ये काहीतरी शोधत होती. तिचं शोधणं पुरं होईपर्यंत दोघं तिच्याकडे बघत राहिली. मग बायकोनं फोन काढला, एक नंबर लावला आणि तो मास्तरांच्या हातात दिला.

"बोला."

"कोण आहे?"

"ताई."

"आत्ता? घरी गेल्यावर निवांत बोलतो ना."

"आत्ता. मी तिला सांगितलंय की मला माझी हौस नडली. रोज विचारते ती, काय गं, घडली का अद्दल. मी रोज हो म्हणते. आता तुम्ही सांगा."

तिकडून ताईंचा आवाज आला, काय म्हणतेय आमची नटवी, निघाली का नळी. मास्तरांनी फोन कानाला लावला. फोनवर बोलण्याची त्यांना सवय नव्हती; दुकानाचा फोनही बायकोच घ्यायची. ते उभे राहिले.

"ताई, मी बोलतोय. मास्तर."

मास्तरांनी ताईंना स्वतःहून फोन केल्याची आजवर नोंद नव्हती, तेव्हा बहिणीचं काही बरंवाईट झाल्याची शंका ताईंना येणं साहजिक होतं. ते निस्तरण्यात थोडा वेळ गेला. नाही, ती बरी आहे. हो, निघाली. नाही, रक्त नाही. मग मास्तरांनी खाली बघत, आवाज बारीक करून, दोऱ्याचं सांगितलं. ताईंना ते कळेना. कसला दोरा? कुणी कापला? कशासाठी? मास्तरांनी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्यानं. समोरच्या बायकांनी माना वर केल्या.

"तिची हौस मध्ये कुठंच नाही, ताई," मास्तर म्हणाले. "नळी माझ्यामुळं निघाली. पाणी माझ्यामुळं साचलं. तिला ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक असून मी गप्प बसलो. नाही, विसरलो नव्हतो. नाही ताई. मुद्दाम."

ताई आता तिकडून सविस्तर बोलू लागल्या. फोनमधून नुसता सूर ऐकू येत होता, शब्द नव्हते, पण मास्तरांच्या मानेवरून ते कळत होते. ते मधूनमधून "हो" म्हणायचे. एकदा त्यांनी फोन बायकोकडे द्यायला हात पुढं केला. तिनं घेतला नाही.

दारात गाडी येऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं काच खाली करून विचारलं, निघायचं का बाई.

"थांबा थोडं," बायको म्हणाली. तिनं बाकाला पाठ टेकली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाय नीट लांब केले. "यांचं अजून व्हायचंय."